सर, प्रोजेक्टर नका घेऊ

आमच्या केंद्रात (आसपासच्या जिल्हा परिषद शाळांचा गट) यंदा एक नवीन शिक्षणसेवक आलेत, लातूरकडचे. समुद्र पहिल्यांदा बघितला तो रुजू व्हायच्या दिवशी असं स्वतःच सांगतात. दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा फोन, "मॅडम, वर्गासाठी स्वतःच्या पैशानं प्रोजेक्टर घ्यायचा म्हणतोय, कुठला घेऊ?" आता मानधन १६,०००, त्यात खोलीभाडं, गावाकडे पाठवायचे, सुट्टीत लातूरला जायचं यायचं. मी म्हटलं सर, थांबा आधी. मग पाऊण तास बोलले असेन, त्यात चार वेळा रेंज गेली आणि दर वेळी मी कुठपर्यंत आले होते तेच विसरायला झालं, म्हणून म्हटलं लिहूनच काढते. बाकी कुणाला उपयोग झाला तर बरंच.

मी दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत आहे. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, तेवीस पोरं. शाळा खाली आगराला (नारळी-पोफळीच्या बागेला) लागून आणि रेंज वर सड्यावर (कातळाच्या पठारावर). म्हणजे फोन लावायचा तर पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून जायचं, मेसेज सगळे एकदम येतात, मग खाली उतरायचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे नारळी-पोफळी आडव्या झाल्या, पोल पडले, कितीतरी आठवडे लाइट नव्हती, आणि नेमकं तेव्हाच बाकी सगळे ऑनलाइन शाळा कशी घ्यायची याची चर्चा करत होते. आमचे फोन चार्ज करायला कुणाचा जनरेटर चालू आहे ते शोधत फिरत होतो आम्ही. तेव्हापासून एक सवय लागली ती लागलीच, शाळेत नेट नाही आणि लाइट कधीही जाणार हे धरूनच तयारी करायची. असली तर मजा, नसली तरी तास बुडत नाही.

तर प्रोजेक्टर. आमच्या शाळेला एक भेट मिळाला होता, दिव्याचा जुना प्रकार. त्यातला दिवा भयंकर तापतो, आणि तुम्ही बटण बंद केल्यावरसुद्धा आतला पंखा थोडा वेळ फिरत राहतो तो त्याला थंड करायला. आता लाइटच गेली तर पंखा पण बंद, दिवा तसाच आत भाजत बसतो. आमच्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते ते विचारू नका. दीड वर्षात दिवा गेला, नवीन दिव्याची किंमत ऐकून आम्ही फोन ठेवला. हल्लीच्या एलईडीवाल्यांना हा त्रास तेवढा नाही मान्य आहे, पण दुसरी गोष्ट म्हणजे उजेड. समुद्राकडे तोंड करून खिडक्या, दुपारी वर्गात असला लख्ख उजेड असतो की पडद्यावर नुसता धुरकट डाग दिसतो, खिडक्या लावल्या तर पोरं उकडून निघतात. त्यापेक्षा टीव्ही बरा. ३२ इंची पण चालतो, पोरं वीसच असतील तर खाली बसवायची जवळ. आणि तो स्वतःच्या पैशानं नाही घ्यायचा, ग्रामपंचायत आहे, शाळा व्यवस्थापन समिती आहे, गणपतीला आलेले चाकरमानी आहेत. चाकरमान्यांना गणपतीत विचारायचं, शिमग्यापर्यंत काम होतं, हा माझा अनुभव.

टीव्हीला मागे पेनड्राइव्हची जागा असते ती आपली खरी लायब्ररी. फक्त पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात बसत नाही, कॉपी करताना कॉम्प्युटर फाइल फार मोठी आहे म्हणतो आणि आपण म्हणतो अरे बत्तीस जीबी रिकामा आहे की. आणि एनटीएफएस केलं तर काही टीव्ही वाचतच नाहीत. म्हणून फॅट३२ ठेवायचा आणि व्हिडिओ लहान लहान, एमपी४ मधे. फाइलला नाव देताना सुरुवातीला आकडे टाकायचे, ०१, ०२ असे, म्हणजे ओळीने दिसतात, नाहीतर रिमोट घेऊन आपण शोधत बसतो आणि मागे मारामाऱ्या सुरू.

फोनचा स्क्रीन टीव्हीवर दाखवायचा असेल तर त्यासाठी नेट लागतं असा खूप जणांचा समज आहे. स्मार्ट टीव्हीत मिराकास्ट असेल आणि फोनमधे पण ती सोय असेल तर फोन आणि टीव्ही आपापसात वायफायने बोलतात, मधे इंटरनेटचा संबंध नाही. प्रत्येक फोनला नसतं हे, घ्यायच्या आधी बघा. वायरनेच जोडायचं म्हणून लोक फोनचं एचडीएमआय अॅडाप्टर मागवतात आणि मग कळतं की आपल्या फोनच्या पोर्टातून चित्र बाहेर येतच नाही. मी मागवलेलं ते अॅडाप्टर अजून कपाटात आहे, कुणाला हवं असेल तर घेऊन जा.

आवाजाकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. जुलैमधे पत्र्यावर पाऊस पडायला लागला की मी काय बोलते ते मलाच ऐकू येत नाही, टीव्हीचे स्पीकर कुठले ऐकू यायला. तुमच्याकडे दोन हजार रुपये असतील तर ते स्पीकरवर घाला. ब्लूटूथ असू दे, पण सोबत साधी ऑक्सची वायर पण लागेल अशी सोय असलेला घ्या, कारण ब्लूटूथ शेजारच्या अंगणवाडीच्या बाईंच्या फोनला जाऊन चिकटतो. आमच्याकडे कविता लावली आणि वर्गात अंगणवाडीच्या बाईंच्या भावजयीचा व्हॉइस मेसेज वाजला, पोरं अजून हसतात.

आता सरांना जे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते, कारण लातूरला हे कुणी सांगणार नाही. इथली हवा खारी. यूएसबीचे पोर्ट, पिना, बॅटरीचे पत्रे, सगळ्यावर हिरवट बुरशी नाहीतर गंज चढतो. पावसाळ्यात चार महिने वस्तू झाकून ठेवली म्हणजे जपली असं नाही, उलट. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालू करायची, आतल्या आत गरम होते आणि ओल निघते. पेनड्राइव्ह, वायरी, स्पीकर मी एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, आत सिलिका जेलच्या पुड्या. चपलांच्या खोक्यात येतात त्या, पालकांना सांगून ठेवलंय टाकू नका, मला आणून द्या. पुड्या ओल पिऊन थकल्या की उन्हात नाहीतर गरम तव्याच्या जवळ ठेवून वाळवायच्या, परत चालतात. (पोरांच्या हाताला लागू देऊ नका, फोडून बघतात.)

आणि वीज. मे महिन्याचा शेवट आणि परतीचा पाऊस, या दोन वेळा. लांबून गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून ओढून काढायचा, आणि डिशची केबल असेल तर ती पण टीव्हीतून काढायची. आमचा पहिला टीव्ही केबलने घालवला. प्लग काढलेला होता हो! मी स्वतः काढलेला. केबल राहिली. ऑक्टोबरची सुट्टी संपवून आलो तर टीव्हीला नुसता जळका वास. आता शनिवारी दोन पोरांची ड्यूटी असते, एक प्लग आणि एक केबल, आणि काढलं की मला येऊन सांगायचं "बाई, दोन्ही काढलं." दोन्ही हा शब्द महत्त्वाचा.

बरं, दाखवायचं काय. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड बघितले असतीलच, ते दीक्षा या सरकारी अॅपमधून स्कॅन करायचे. दीक्षा २०१७ च्या शिक्षकदिनाला सुरू झालं, पण त्यात डाउनलोडचं बटण आहे हे बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. मी रविवारी संध्याकाळी आठवड्याचे धडे घरी उतरवून घेते, शाळेत नेट लागत नाही. यूट्यूबवरचं पण उतरवता येतं पण ते त्या अॅपच्या आतच राहतं, पेनड्राइव्हवर नेता येत नाही आणि अधूनमधून फोन नेटला दाखवून आणावा लागतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर तास ठेवायचा नाही.

त्यापेक्षा विज्ञानासाठी फेट (PhET) ही स्क्रीनवर करायच्या प्रयोगांची साइट बघा. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेलं काम आहे, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी सुरू केलेलं, फुकट आहे आणि त्यातले बरेचसे प्रयोग मराठीत आहेत. एकेक प्रयोग फाइल म्हणून उतरवून घेतला की नेट नसतानाही ब्राउझरमधे चालतो. विद्युत परिपथ जोडायचा आहे त्यात, पोरं वायर जोडतात, बल्ब लावतात, चुकलं तर वायरीतून ज्वाळा येतात. माझ्या पाचवीच्या पोरांनी पहिले पंधरा मिनिटं मुद्दाम ज्वाळाच काढल्या. मी काढू दिल्या. मग खरी बॅटरी, खरा बल्ब दिला तेव्हा शॉर्ट करू नका असं सांगावं लागलं नाही.

गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर ही साइट आहे, प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची, २०१५ पासून. मराठीत भरपूर चित्रकथा, मोफत, डाउनलोड करता येतात, प्रिंट काढल्या तरी परवानगी आहे. आणि मोठ्या पोरांना माहिती शोधायची सवय लावायची असेल तर किविक्स नावाचं अॅप, त्यात पूर्ण मराठी विकिपीडिया एका फाइलमधे फोनवर बसतो. दापोलीला गेलात की चांगल्या नेटवर उतरवून घ्या. एकदा एका पोराने ताडपत्रीत गुंडाळलेला जुना फोन दिला शाळेला, बाबांचा, बोटीवर पाण्यात पडून वाळवलेला, कॉल लागत नाही त्यावरून पण किविक्स झकास चालतं. तो आमचा ज्ञानकोश, खिळ्याला टांगलेला असतो.

वाचनाला मात्र मी कुठलंच भारी अॅप वापरत नाही. फोनमधला साधा रेकॉर्डर. दुसरीतली एक मुलगी आहे, वाचताना प्रत्येक शब्दाला थांबायची, आणि आपण अडखळतो हे तिला पटायचंच नाही. तिचा अर्धा मिनिट रेकॉर्ड केला आणि कानाला लावून दिला. ऐकताना तिने डोळे बारीक केले, मग म्हणाली, "बाई, ही कोण आज्जी वाचतेय?" मग स्वतःच परत करा परत करा करून पाच वेळा रेकॉर्ड केलं, पाचव्यात दोनच ठिकाणी थांबली. तारीख टाकून सेव्ह करून ठेवते मी ते, जूनमधलं आणि मार्चमधलं पालकांना ऐकवलं की प्रगतिपुस्तकावर काही बोलावं लागत नाही.

पालकांचं म्हणजे व्हॉट्सअॅप. यावर एक वेगळं लिहिता येईल इतका वैताग आहे. ग्रुप करा पण सेटिंगमधे फक्त अॅडमिनच मेसेज टाकू शकतील असं करा, नाहीतर सुप्रभात आणि फुलं. सूचना लिहू नका, बोलून टाका. आमच्या निम्म्या आयांना लांब मजकूर वाचायचा कंटाळा आणि निम्मे बाबा एकतर बोटीवर नाहीतर मुंबईला, ते रात्री एकदम ऐकतात. तीस सेकंदांच्या आत, पहिल्या वाक्यात तारीख. फोटो चांगल्या क्वालिटीत पाठवायचा असेल, दाखल्याबिखल्याचा, तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग अक्षरं फुटत नाहीत. आणि ग्रुपचे फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड व्हायचं बंद करा, माझा फोन ऐन शाळा तपासणीच्या दिवशी भरला होता.

पोरांचे फोटो स्टेटसला टाकायची आपल्या सगळ्यांना सवय लागलीय, उपक्रम केला की फोटो. मी पण टाकायची. एका आईने एकदा हळूच विचारलं, "बाई, तो फोटो कोन कोन बगतं?" आणि मला उत्तर देता आलं नाही. तिचं घरचं काही प्रकरण चालू होतं, मुलगी कुठल्या शाळेत आहे ते कुणाला कळायला नको होतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहेच, पण कायदा नसता तरी. आता हातांचे, वह्यांचे, पाठमोरे फोटो काढते. वरून फोटो मागितले की तेच पाठवते, आजवर कुणी परत पाठवले नाहीत.

कागदाचं काम. एक गोष्ट आधी, जुन्या फॉन्टमधे टाइप केलेलं काहीही सांभाळून ठेवण्यात अर्थ नाही, दुसऱ्या मशीनवर उघडलं की चित्रविचित्र चिन्हं. युनिकोडमधेच टाइप करा. फोनवर जीबोर्डला (गूगलचा कीबोर्ड) मराठी लावून माइकचं बटण दाबून बोललं की लिहून येतं, नेट असेल तिथे बसून. माझे निम्मे अहवाल सड्यावरच्या जांभळाखाली बोलून झालेत. एकदा वाऱ्यामुळे 'वर्गात भरती चांगली आहे' असं काहीतरी भलतंच उमटलं होतं, तेव्हा पाठवायच्या आधी वाचा. छापील पत्रक परत टाइप करायचं असेल तर फोटो काढून गूगल लेन्समधून मजकूर उचला, मराठी बऱ्यापैकी ओळखतं, जोडाक्षरं तपासून घ्या. आणि कुठल्याही पोर्टलवर थेट माहिती भरत बसू नका, आधी आपल्या शीटमधे (एक्सेल नाहीतर गूगल शीट), मग तिकडे. शेवटच्या तारखेला काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

श्रेणी काढायचं तर मी हाताने करणं कधीच सोडलं. शंभरपैकी ९१ पासून वर अ-१, ८१ पासून अ-२, ७१ ला ब-१, ६१ ला ब-२, ५१ क-१, ४१ क-२, ३३ ड, २१ इ-१ आणि त्याखाली इ-२. हे सोपं वाटतं पण मार्चच्या शेवटी दुपारी तीन वाजता ८० ला मी अ-२ दिलेली आहे, एका नव्हे तीन पोरांना. शीटमधे लुकअप नावाचं फंक्शन आहे, त्याला प्रत्येक श्रेणी जिथून सुरू होते ते आकडे ० पासून चढत्या क्रमाने द्यायचे आणि समोर श्रेणी, मग शंभर पोरं असली तरी एका ओढीत. क्रम उलटा दिला तर चुकीचं उत्तर देतं, आणि चूक दाखवत पण नाही, शांतपणे चुकीचं. आणि ८०.५ असे गुण येत असतील तर आधी राउंड करा, नाहीतर ते ब-१ मधेच राहतं आणि पालक बरोबर ते एकच शोधून काढतात.

या शीटवरूनच आठवलं, आणि हे मी सरांना फोनवर सांगितलंच नाही. पाचवीला भरती-ओहोटी शिकवताना व्हिडिओ लावला होता, छान होता, चंद्र फिरतो, पाणी फुगतं. मागून एक पोरगा म्हणतो, "बाई, पन भरती किती वाजता ते नाय सांगितलं." मी म्हटलं तू सांग. म्हणे तिथीची पाऊणपट. मला माहीत होतं ते, इकडे सगळ्यांना माहीत असतं, तिथीला पाऊणने गुणलं की भरती पूर्ण व्हायची वेळ, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. पण हे खरं किती उतरतं ते कधी ताडून बघितलं नव्हतं. मग कार्तिकात शुद्ध नवमीपासून वद्य सप्तमीपर्यंत, कारण तेवढे दिवस एक भरती उजेडात मिळते, पोरांनी धक्क्याच्या पायऱ्यांवर पाणी थांबलं की वेळ लिहायची असं ठरलं. सकाळची भरती शाळेआधी, दुपारची मधल्या सुट्टीत, नंतरची घरी जाताना.

पहिला आलेख सगळा वाकडा आला. पोरांनी ६.४५ असं टिंब देऊन टाइप केलेलं, शीटने ते पावणेसात न धरता सहा पूर्णांक पंचेचाळीस शतांश धरलं. वेळ टाइप करताना मधे दोन टिंबांची खूण द्यायची, दुपारी दीडला १३:३० लिहायचं. मग पाऊणपटीचा कॉलम केला, तिथी गुणिले ०.७५ भागिले २४, कारण शीट एका दिवसाला एक धरतं, आणि कॉलमला वेळेचा फॉरमॅट दिला. पुनवेपर्यंत बरोबर आलं आणि वद्य प्रतिपदेला एकदम पावणेएक, रात्रीचा. "बाई, ह्यो रात्रीची भरती दाखवतो." बरोबर होतं त्याचं, भरती दोनदा येते, शीटला काय माहीत आपल्याला दिवसाची हवी. वद्यातल्या तिथ्यांना बारा तास मिळवले.

दोन रेघा आल्या टीव्हीवर. पाऊणपटीची सरळसोट, आणि पोरांची तिच्या अंगाअंगाने जाणारी पण वाकलेली. पुनवेच्या आसपास रोजचा फरक पाऊण तासाच्याही आत आणि दोन्ही टोकांना अष्टमीकडे तासाच्या वर. हे मला कुठल्या व्हिडिओत मिळालं नव्हतं. त्या पोराचे आजोबा, सगळी हयात बोटीवर गेलेले, त्यांना बोलावलं बघायला. पाऊणकी तोंडपाठ, आकडे न बघता मनात म्हणत गेले आणि सरळ रेघ बरोबर आहे म्हणाले. वाकलेल्या टोकाला बोट लावलं, "ह्यो भांग. भांगात पानी रेंगालतं." (भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती.) मग बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "समदा बराय बाय, पन वारा कुठाय ह्यात?"

आता शीटमधे वाऱ्याचा कॉलम आहे. तो भरायचं काम आजोबांकडे. रोज संध्याकाळी सड्यावर चढतात आणि मला मिस्ड कॉल देतात, एक म्हणजे उत्तरेचा आणि दोन म्हणजे पश्चिमेचा. तीन आले की मी विचारायला परत फोन लावते.